आखाडातली सावली

नसीम,

तुला माती देऊन आलो त्याला आज नऊ दिवस झाले. टोपी नव्हती म्हणून कब्रस्तानाच्या दारात खिशातला रुमाल डोक्याला बांधला, आणि तुझ्या मामांनी मला हाताला धरून पुढे घेतलं. तीन मुठी माती द्यायची असते हे मला ठाऊक होतं. तरी मी चौथी मूठ भरली आणि शेजारच्या माणसाने हळूच माझं मनगट धरलं. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण तीनपर्यंत मोजता आलं नाही. तू असतीस तर ही गोष्ट आठवडाभर पुरवली असतीस.

मी रडलो नाही. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण परतुरात मला ओळखणाऱ्या कुणीच मला कधी रडताना, फार काय, फारसं हसतानाही पाहिलेलं नाही. तुझ्या अम्मींनी मला चहा दिला आणि मी तो प्यालो. नेहमीसारखी साखर जास्त होती आणि नेहमीसारखं मी काही बोललो नाही.

तुझ्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी कागद लावला आहे. त्यावर तुझं पूर्ण नाव, वय, दुःखद निधन वगैरे सगळं बरोबर लिहिलंय, आणि खाली 'सातबारा, आधार, झेरॉक्सची कामे काही दिवस बंद राहतील' अशी ओळ आहे. गावाला तू तेवढीच ठाऊक होतीस. पुढच्या टेबलावर उतारे काढून देणारी, अंगठा नीट उठला नाही तर म्हाताऱ्यांची बोटं ओढणीने पुसून देणारी बाई. मागच्या खोलीत, प्लायवुडच्या आडोशामागे तू काय करायचीस, ते मला आणि अम्मींना सोडून कुणाला माहीत नव्हतं. अम्मींनाही अर्धंच.

तुझं मागच्या खोलीतलं काम मला सोप्या शब्दांत सांगता येतं, कारण तूच मला ते सोप्या शब्दांत सांगितलं होतंस. कुणाला मारल्याचे, घरं पाडल्याचे, माणसं कोंडल्याचे व्हिडिओ फोनवर फिरतात. ज्यांनी मारलं ते म्हणतात, हे आमच्याकडचं नाही, जुनं आहे, खोटं आहे. शहरातली एक संस्था ते व्हिडिओ तुझ्याकडे पाठवायची. कुठलं आहे आणि कधीचं आहे, एवढं तू शोधायचीस. त्यासाठी चोरून काही बघायचं नाही, कुणाचं कुलूप तोडायचं नाही. उपग्रहाचे फोटो, लोकांनी स्वतःच टाकलेले व्हिडिओ, दुकानांच्या पाट्या, जे सगळ्या जगाला उघडं आहे तेवढंच घ्यायचं. "सगळं चौकातच पडलेलं असतं काका," तू म्हणायचीस. "फक्त वाकून उचलायला कुणाला फुरसत न्हाई."

मी त्यात आलो तो भांडायला आलो होतो. माझ्याच उताऱ्यावर माझ्या बापाचं नाव चुकीचं छापून आलं होतं आणि मी तुझ्या टेबलावर कागद आपटला. तू तो बाजूला सारलास, आत गेलीस आणि एक छापील फोटो घेऊन आलीस.

"तुम्ही मोजणीत होता म्हणे. मंग हे सांगा जल्दी. हा नाला हाय का पांदण?"

मी चष्मा लावला. नाल्याला कड असते, ती पाण्याने कापलेली असते आणि एकसारखी नसते. पांदणीची वाट दोन शेतांच्या बांधांना धरून चालते, म्हणून ती वळतानासुद्धा कोपऱ्यात वळते. "पांदण," मी म्हणालो. तू एवढी खूश झालीस की माझ्या बापाचं नाव दुरुस्त करायचं तीन आठवडे विसरूनच गेलीस.

त्यानंतर सकाळी दहा ते एक मी तुझ्या मागच्या खोलीत. निवृत्त माणसाला बायको घरात ठेवून घेत नाही, आणि मला तर बायकोही उरली नव्हती. काळ्या मातीचा तुकडा कुठे संपतो आणि मुरमाड कुठे सुरू होते, विहीर बांधीव आहे की नुसता खड्डा आहे, शेताचा तुकडा भावाभावांत वाटला गेला की विकला गेला, हे मला वरून बघून सांगता यायचं. तुला इंटरनेट येत होतं आणि मला बांध येत होते. आपण दोघं मिळून एक बरा माणूस होत होतो.

तुझी एक पद्धत होती. नवा व्हिडिओ आला की तू तो एकदा पूर्ण बघायचीस, आवाजासकट, आणि बघताना उभी राहायचीस. मग आवाज बंद करायचीस आणि मार खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवायचीस, थेट स्क्रीनवर. "चेहरा दिसला की बाकीचं दिसत न्हाई काका. आपलं काम बाकीच्याचं." काम संपलं, अहवाल गेला की कागद काढायचीस आणि तो चेहरा एकदा बघायचीस. तेव्हाही उभी. मी म्हणालो होतो की हे नमाजासारखं झालं. तू म्हणालीस, "नमाज बसूनबी पढता येते, आजारी असलं तर." मला ही पद्धत सोयीची होती, हे आता कबूल करतो. मी पहिल्यांदा बघायलाही उभा राहत नव्हतो. कागद चिकटल्यावरच खुर्ची पुढे ओढायचो.

तुझी आठवण काढायची तर चांगलीही काढली पाहिजे. ते मारहाणीचं प्रकरण आठवतं ना? इथल्याच तालुक्यातलं म्हणून जो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला होता, आणि चौकात पोरं जमायला लागली होती? आपण दोघांनी दोन तासांत ते इथलं नसल्याचं काढलं. विजेचे खांब आपल्याकडच्यासारखे नव्हते, दुकानाच्या पाटीवरची लिपी वेगळी होती आणि मागच्या टेकडीसारखी टेकडी आपल्याकडे औषधालाही नाही. तू ते गावातल्या दोन्ही समाजांतल्या जाणत्या माणसांना पाठवलंस. संध्याकाळपर्यंत पोरं पांगली. मी खुशीत होतो, चक्क बाजारातून भजी घेऊन आलो. तू एक भजं उचललंस आणि खाली ठेवलंस.

"मारलेला माणूस खराच हाय ना काका. फक्त आपल्या गावचा न्हाई."

त्या दिवशी मला तुझा राग आला होता. भजी गार झाली होती.

आता उत्तमकडे यायला हवं. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, तुला खोटं कशाला सांगू.

उत्तम आपल्याच तालुक्यातला, आष्टीच्या पुढचा. बायको रुक्मिणसोबत ऊसतोडीला पश्चिमेकडे गेला होता. चैत्रात तोड संपली आणि टोळी परत आली, पण या दोघांना तिथल्या ऊसमालकाने आपल्या शेतावर कामाला ठेवून घेतलं. जाऊ दिलं नाही. उत्तमने पळायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला गोठ्याबाहेरच्या खांबाला बांधून मारलं, आणि मालकाच्याच एका माणसाने ते फोनवर घेतलं, बाकीच्यांना दाखवायला. आठच दिवसांत दोघं निसटली आणि श्रावण लागता लागता घरी पोचली. व्हिडिओही फिरत फिरत त्यांच्या मागोमाग गावात आला. मालक म्हणाला, हा व्हिडिओ माझ्याकडचा नाहीच, आणि उत्तम तर चैत्रातच टोळीबरोबर गेला. दसरा झाल्यावर संस्थेने ते काम तुझ्याकडे दिलं.

तू आधी उत्तमला फोन केलास. तुझा नियमच होता, ज्याने सोसलं त्याचं आधी ऐकायचं, मग तपासायचं. त्याचे शब्द तू तुझ्या निळ्या वहीत जसेच्या तसे लिहिलेस. "आखाड लागल्ता. चार दिस उघडीप व्हती. सकाळचा टाइम व्हता."

जागा आपण दीड दिवसात शोधली. पाण्याची टाकी, लाल पत्र्याचा गोठा, जोडीने उभी असलेली दोन नारळाची झाडं आणि मागे कालव्याचं वळण. सगळं मालकाच्याच शेतावर निघालं, आणि ते फोटोत बसलं तेव्हा तू टेबलावर टाळी वाजवलीस. उरली होती तारीख. फोनाफोनीत फिरून फिरून फाइलवरची तारीख पुसून गेली होती.

आणि मला बैल दिसले.

खांबामागे, गोठ्याच्या तोंडाशी दोन बैल उभे होते. शिंगं लाल-पिवळ्या रंगाने ताजी रंगवलेली, टोकांना पितळी शेंब्या, अंगावर गेरूचे ठिपके अजून ओलसर वाटावेत इतके लख्ख. मी म्हणालो, "पोळा. पोळा होऊन चार-आठ दिवस. त्याच्या पुढं नाही, दोन पावसांत गेरू जातो." मी कुणब्याचा पोरगा. वयाच्या पाचव्या वर्षापासून शिंगं रंगवली आहेत. श्रावणातली अमावस्या सोडून माणूस बैलाची शिंगं रंगवतो, हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

तू वही पुढे केलीस. "उत्तम आखाड म्हणून राह्यला काका. पोळ्याला तर तो घरी आल्ता."

"मार खाल्लेला माणूस," मी म्हणालो, "त्याला महिना कुठला ध्यानात. घरी कधी आला तेही त्याला नीट सांगता येत नसेल."

हे मीच म्हणालो. शब्द विसरलेलो नाही.

तू तीन दिवस हिशोब मांडत बसलीस. चौथ्या दिवशी मला गच्चीवर घेऊन गेलीस. तिथे मातीच्या गोळ्यात खराट्याची काडी खोवलेली होती आणि खडूने रेघ मारलेली होती. गोठ्याची लांब भिंत उपग्रहाच्या फोटोत सरळ पूर्व-पश्चिम होती आणि खांब तिच्या दक्षिणेला. व्हिडिओत खांबाची सावली मावळतीकडे पडत होती, म्हणजे सकाळ. सावली खांबाहून थोडी आखूड, म्हणजे सकाळचे नऊ-साडेनऊ. इथपर्यंत मलाही मान्य होतं.

"आता भिंत बघा," तू म्हणालीस. "सावली भिंतीपासून लांब चालली, दक्षिणेकडं. आखाडात सूर्य उत्तरेकडून निघतो, म्हणून. पोळा झाल्यावर या टायमाला ती भिंतीकडं यायला पाह्यजे. मी हिशोब तीनदा केला. सावली झूट न्हाई बोलत."

तुझी मांडणी बरोबर होती. मला ते कळलं होतं, किंवा कळण्याच्या बेतात होतं, आणि नेमकं तेव्हाच मी म्हणालो, "खांब वाकडा असेल."

तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. "काका, मोजता येईना, खांब वाकडा?"

ते हसणं मला लागलं. मी पायऱ्या उतरून खाली गेलो. खाली जाताना एवढंच म्हणालो, "मी चाळीस वर्षं मोजणी केली आहे. तुला वाटतं तसं लिही, मग मी उद्यापासून येत नाही." याला धमकी म्हणतात. माझ्या वयाच्या माणसाने केली की तिला मान राखणं म्हणतात. तू माझा मान राखलास. अहवालात 'पोळ्यानंतरच्या आठवड्यात' असं गेलं आणि खाली तुझं नाव होतं, कारण सगळ्याच अहवालांखाली तुझं नाव असायचं. माझं नाव नको असं मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सरकारी पेन्शनीचा माणूस, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी ते कधी तुझ्यासमोर मोठ्याने बोललो नाही. चौकशीत मालकाच्या वकिलाने उत्तमच्याच गावच्या रेशन दुकानातली नोंद काढली. श्रावणात त्याने तिथे अंगठा लावला होता. पोळ्याच्या आधी जो माणूस आपल्या गावात धान्य घेऊन गेला, तो पोळ्यानंतर तिकडे खांबाला कसा बांधलेला असेल? वकिलाने आपल्यासारखंच काम केलं, उघड्यावर पडलेलं वाकून उचललं. चौकशीच्या साहेबांनी उत्तमला विचारलं, तू आखाड म्हणतोस आणि तुझ्या बाजूचा अहवाल पोळा म्हणतो, यातलं खरं काय? उत्तम म्हणाला, "असंल बी साहेब." तेवढं लिहून घेतलं आणि प्रकरण पुढच्या तारखेला ढकललं.

त्या दिवशी संस्थेतल्या बाईंनी फोन करून तुला विचारलं, पोळा हा निष्कर्ष कुणाचा? फोन स्पीकरवर होता. मी समोर बसून चहा पीत होतो.

"माझा," तू म्हणालीस.

मी कप खाली ठेवला नाही. चहा संपेपर्यंत प्यालो.

चूक कुठली होती, तेही शेवटी तूच शोधलंस, आणि तुझ्याच पद्धतीने. महिनाभर तू त्या भागातल्या गावच्या पोरांनी टाकलेले व्हिडिओ बघत होतीस. नाचाचे, मिरवणुकांचे, वाढदिवसांचे. पौषातल्या एका सकाळी तू मला बोलावून घेतलंस. स्क्रीनवर गाण्याच्या दणक्यात बैलांची मिरवणूक चालली होती, आणि मधोमध तीच जोडी. एकाच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा डाग. तोच लाल-पिवळा रंग, त्याच शेंब्या. पोरांनी ते टाकलं होतं आखाडात. खाली लिहिलं होतं, बेंदूर.

बेंदूर. तिकडे बैलांचा सण आखाडात असतो, पोळा नसतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्या अज्ञानावर मी पैज मारली होती. आपल्या गावच्या सणाने मी दुसऱ्याच्या गावचा दिवस ठरवला. सावली खरी होती, वही खरी होती, उत्तम तर पहिल्या फोनपासून खरा होता. एकटा मी पोळ्यात अडकलो होतो.

तू टाळी वाजवली नाहीस. "मिळाली तारीख," एवढंच म्हणालीस.

संस्थेने दुरुस्ती घ्यायचं कबूल केलं. पण त्यांची एक अट होती, आणि ती योग्यच होती. तारीख बदलणारा अहवाल कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकत नाही. ती चूक ज्याने केली, त्याने स्वतः एक पान लिहावं. काय पाहिलं, काय गृहीत धरलं, आणि कुणाचं म्हणणं का डावललं. ते पान नसेल तर मालकाचा वकील म्हणणार, बघा, हे तारखा बदलत बसतात.

"काका, एक पान," तू म्हणालीस. "बेंदूर ठाऊक नव्हता एवढंच लिहा. त्यात काय कमीपणा?"

मी म्हणालो, लिहितो. माघात म्हणालो, फाल्गुनात म्हणालो. आपलं शेवटचं भांडण तेच, आणि त्याला भांडणही म्हणता येणार नाही, कारण तू आवाज चढवला नाहीस आणि मी विषय बदलत राहिलो. कधी उन्हाचं सांगायचो, कधी गुडघ्याचं. एकदा तर तुझ्या दुकानाच्या छताला गळती आहे असं सांगितलं, भर उन्हाळ्यात.

मग तू आजारी पडलीस आणि जालन्याला दवाखान्यात गेलीस. मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी दुपारी अम्मी डबा आणायला बाहेर गेल्या होत्या. तुझा आवाज फार खाली गेला होता.

"काका, कागद?"

"आधी बरी हो," मी म्हणालो. "मग बसून लिहू."

"कागदाला माझ्या बरं होण्याचं काय काम हाय?"

मी तुझ्या उशाशी संत्री ठेवली आणि पाचच्या गाडीने परत आलो. गाडीला उशीर झाला होता. मी स्टेशनवर बसलो होतो आणि माझ्या खिशात कोरा कागद होता, पेनही होतं. तुझ्यावर रागावलो होतो, तू आजारी असताना. आज ते लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मातीच्या गोळ्यात खराट्याची काडी रोवली. आमच्या घराची भिंतही पूर्व-पश्चिम आहे, मीच आखून दिली होती. ज्येष्ठ चालू आहे. साडेनऊला सावली भिंतीपासून लांब गेली, दक्षिणेकडे. मी पंधरा मिनिटं उभा होतो. मग आत जाऊन पान लिहिलं. दवाखान्यातून परत आणलेल्याच कागदावर लिहिलं, आणि एका बाजूला मावलं.

काल अम्मींकडे गेलो, मागची खोली उघडून घेतली. तुझ्या स्क्रीनवर कागदाचा तुकडा अजून चिकटलेला होता. म्हणजे तुझ्या लेखी हे काम संपलं नव्हतं. मी व्हिडिओ लावला. आवाजासकट लावला आणि उभा राहिलो. मग नखाने कागद काढला. आठ महिने ज्याच्या मागचे बैल बघत होतो, त्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. तो मारणाऱ्याकडे बघत नव्हता. फोन धरणाऱ्याकडे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे मदतीसाठी बघावं तसं.   नसीम, तुझी मला फार आठवण आली. आपण ज्याची तारीख काढत होतो त्या माणसाला तू दर वेळी दोनदा बघत होतीस, आणि मी एकदाही नाही.

तुझी निळी वही पिशवीत घालून तिथून जीपने आष्टीला आणि पुढे चालत उत्तमच्या घरी गेलो. तो दारात बाज विणत होता. मी कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला, त्याच्या लेखी मी साहेब. मी म्हणालो, बस, मला एक कागद वाचून दाखवायचा आहे.

वाचला. बैल, शिंगं, पोळा, बेंदूर, सावली. 'उत्तम यांनी पहिल्या दिवशी सांगितलेला महिना बरोबर होता. तो मी ऐकला नाही.' तो सुतळी बोटाला गुंडाळत बसला.

"साहेब, खरं सांगू का? मला आता आखाड आठवतच न्हाई. डोळे मिटले का पोळाच दिसून राह्यला. एवढी शिकलेली माणसं पोळा म्हणत्यात, मंग मलाच भरमलं असंल, असं वाटाया लागलं. बायकोलाबी म्हणलं, तू बी पोळाच म्हण."

हे मी पानात लिहिलेलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं. मालकाने त्याच्या पाठीवर जे केलं ते व्हिडिओत आहे. मी जे केलं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्याच्या डोक्यातला महिना काढून घेतला होता.

"पोळा नव्हता उत्तम," मी म्हणालो. "आखाड होता. सावलीनं सांगितलंय, बैलांनी सांगितलंय. तू खरंच सांगत होतास."

त्याने मान वळवून घरात हाक मारली. "ऐकलं का गं? आखाड व्हता म्हणत्यात."

आतून भांड्याचा आवाज थांबला. "मंग मी काय येगळं सांगत व्हते?" रुक्मिण म्हणाली. "मी पोळा म्हणलेच न्हाई. त्या नसीमताईंनी इचारलं तवाबी आखाडच सांगितला. त्यांनी लिहून घेतलाय बराबर."

मी तुझी निळी वही पिशवीतून काढली आणि पान शोधलं. होतं. उत्तमच्या ओळीखाली, तुझ्या अक्षरात, तिचीही ओळ होती. ती मी आजवर वाचली नव्हती.

ते पान आणि वहीच्या पानाची प्रत आज सकाळी संस्थेला पाठवली. पुढच्या तारखेला मी स्वतः जाणार आहे. गाडीचं तिकीट काढलंय, आणि उत्तम-रुक्मिणही सोबत येतायत. काय होईल ते सांगता येत नाही. तूही कधी सांगत नव्हतीस.

निघताना उत्तमने विचारलं, सही कुठं करू? म्हटलं, तुझी नको. त्याच्याच बाजेवर बसून, त्याच्यादेखत, मी माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या दुरुस्त केलेल्या नावासकट, आणि खाली सही केली. तुझं नाव त्या पानावर कुठेही नाही, नसीम. ती चूक तुझी नव्हती.